हिमनदी वितळतेय, तरी एप्रिलमध्ये पाणी का नाही?

प्रश्न : तापमानवाढीमुळे हिमनद्या जास्त वितळत असतील, तर लडाखच्या गावांना पाणीही जास्त मिळायला हवं. मग तिथे टंचाई कशी? — एक वाचक, नाशिक

उत्तर : वर्षाचा एकूण हिशेब मांडला तर काही खोऱ्यांत सध्या पाणी खरंच जास्त येतंय. अडचण आहे ती महिन्यांची. लेहला वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पडतं, म्हणजे शेती सगळी वितळलेल्या पाण्यावर. जवाची पेरणी एप्रिल-मेमध्ये होते. हिमनद्या फार उंचावर, त्यांचं पाणी ओढ्याला लागेपर्यंत जून उजाडतो. मधला काळ निभावतो तो खालच्या उतारांवर हिवाळ्यात साचलेल्या बर्फावर, आणि तापमानवाढीचा पहिला फटका त्यालाच बसतो.

हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. हेच उलट मोजलं तर १ अंश तापमान वाढल्यावर हिमरेषा, म्हणजे जिच्या वर बर्फ पडून टिकतो ती उंची, साधारण १५० मीटर वर सरकते. त्या पट्ट्यात जो बर्फ पूर्वी महिनोन्‌महिने थांबायचा, तो पाऊस होऊन लगेच वाहून जातो. उरलेलाही लवकर वितळतो. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के ऊन परतवून लावतो. जुना, धूळ-काजळी बसलेला निम्म्याच्या आसपास. म्हणजे त्यात मुरणारी उष्णता कितीतरी पटींनी वाढते. थंडीतला बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणाली, उशिरा आल्या तर आणखी पंचाईत, कारण मार्चमध्ये पडलेल्या बर्फाला दबून घट्ट व्हायला सवडच मिळत नाही.

राहिलं हिमनद्यांचं जादा पाणी. ते ठेव मोडून केलेल्या खर्चासारखं आहे. पर्वतीय प्रदेशांवर काम करणाऱ्या काठमांडूच्या ‘इसिमोड’ संस्थेच्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने आटल्या. ठेव संपत आली की जूनचं पाणीही घटणार.

प्रश्न : ‘अमुक फूट बर्फ पडला’ असं बातम्यांत असतं. त्यावरून पाणी किती, ते काढता येतं का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नुसत्या उंचीवरून नाही. ताज्या भुसभुशीत १० सेंटिमीटर बर्फात पाणी असतं सुमारे १ सेंटिमीटर. दबून घट्ट झालेल्या तेवढ्याच थरात ३ ते ४. म्हणून पोकळ नळी थेट जमिनीपर्यंत खुपसून आतल्या बर्फाचं वजन करतात. वजनाच्या ग्रॅमना नळीच्या तोंडाच्या चौरस सेंटिमीटरने भागलं की पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मिळते. तोंड ४० चौरस सेंटिमीटर आणि बर्फ १२०० ग्रॅम असेल तर पाणी ३० सेंटिमीटर. टोकाला चिकटलेली माती खरवडून मगच वजन करायचं, नाहीतर पाणी फुगून दिसतं. शिवाय वारा एकीकडचा बर्फ उडवून दुसरीकडे ढीग लावतो, तेव्हा एका जागेच्या मोजणीवर भिस्त ठेवायची नाही. एका रेषेत अनेक ठिकाणी नळी घालून सरासरी धरायची.

प्रश्न : बर्फाचे स्तूप, म्हणजे हिवाळ्यात पाणी गोठवून उभे केलेले बर्फाचे शंकू, हा लडाखच्या टंचाईवर तोडगा आहे का? आपल्या सह्याद्रीत करता येतील? — एक वाचक, सातारा

उत्तर : सह्याद्रीचं आधी सांगतो : नाही. त्यासाठी कडाक्याच्या, शून्याखालच्या रात्री सलग लागतात. शिवाय गोदावरी-कृष्णेला बर्फाचं पाणी नाहीच, त्या पावसावरच्या नद्या.

लडाखमध्ये अभियंते चेवांग नॉर्फेल यांनी सावलीच्या नाल्यांत दगडी बांध घालून हिवाळ्याचं वाया जाणारं पाणी गोठवायची पद्धत रुजवली. तिथलेच अभियंते सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात त्याला उभा आकार दिला. ओढ्याचं पाणी वरच्या अंगाला नळात घ्यायचं, नळ जमिनीत पुरून गावाजवळ आणायचा आणि शेवटी उभा करायचा. वर-खालच्या उंचीतल्या फरकामुळे पाणी पंपाशिवाय कारंज्यासारखं उडतं आणि थेंब खाली येताना गोठतात. शंकूच का? तर तेवढ्याच बर्फाचा उन्हाला मिळणारा पृष्ठभाग सपाट थरापेक्षा कमी असतो.

बिघडतं ते बहुधा नळात. प्रवाह मंदावला की पाणी आतच गोठतं, आणि ऐन थंडीत पुरलेला नळ उकरून मोकळा करणं म्हणजे शिक्षाच. पाणी थांबवायचं झालं तर नळ पूर्ण रिकामा करावा लागतो. फवारलेलं बरंचसं पाणी गोठतही नाही, वाहून जातं.

आता गणित. पहिल्या प्रायोगिक स्तूपात सुमारे दीड लाख लिटर पाणी होतं. शेताला ५ सेंटिमीटरची एक पाळी द्यायची तर हेक्टरी ५ लाख लिटर लागतात. म्हणजे त्या स्तूपाने जेमतेम ३० गुंठे एकदा भिजले असते, तेही पाटात काही मुरलं नाही असं धरून. नंतरचे स्तूप बरेच मोठे झाले. पेरणीची पहिली पाळी किंवा नव्या रोपांचं पाणी यांना त्यांचा उपयोग नक्की आहे, पण अख्ख्या गावाच्या हंगामाची भिस्त त्यांच्यावर टाकता येत नाही.