वाचकांचे प्रश्न : परिपत्रक स्पॅममध्ये का जातं?

प्रश्न : आमच्या टॉवेल उत्पादकांच्या गटाची परिपत्रकं वेबसाइटच्या होस्टिंगवरून चारशे सभासदांना जातात. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून गटाचा जीमेल टाकलाय. जीमेलवाल्या सभासदांना मेल स्पॅममध्ये सापडतो. मजकुरात सुताचे दर आणि बैठकीची वेळ, बस्स.
— अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

उत्तर : मजकूर बदलत बसू नका, पत्ता बदला. नाव जीमेलचं आणि पाठवणारा सर्व्हर भलताच, ही गूगलच्या लेखी तोतयेगिरी. २०२४ पासून तर ते याबाबत जास्तच कडक झालेत. तेव्हा वेबसाइटच्या डोमेनवरचा पत्ता घ्या आणि डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, तीन नोंदी तपासा: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क.

एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. डोमेनला ही नोंद एकच हवी. होस्टिंगवाल्याने एक टाकलेली असते, पुढे गूगल वर्कस्पेस घेताना कुणीतरी दुसरी चिकटवतं आणि दोन्ही निकामी होतात. दोन्ही एका ओळीत जोडा. त्यातून होणाऱ्या डीएनएस चौकश्याही दहाच्या वर जाऊ देऊ नका.

डीकेआयएम म्हणजे मेलवरची तुमच्या डोमेनची डिजिटल सही. तिची किल्ली होस्टिंगच्या पॅनेलमध्ये मिळते. ती लांबलचक असते. कॉपी करताना शेपूट तुटलं की सही नापास. डीमार्क म्हणजे या दोन्हींपैकी एकही तपासणी तुमच्या डोमेनशी जुळली नाही तर मेलचं काय करायचं, ते सांगणारी नोंद. तिचं धोरण सुरुवातीला 'नन' (काहीच कारवाई नको) ठेवा.

मग एक मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवा, संगणकावर उघडा, तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' निवडा. तिथे तिन्हींपुढे 'पास' दिसायला हवं. एसपीएफ पास आणि डीमार्क नापास असं दिसलं तर खालच्या हेडरमध्ये 'smtp.mailfrom' पुढचं डोमेन वाचा: बहुधा ते होस्टिंग कंपनीचं निघेल. मग डीकेआयएमची सही तरी तुमच्याच डोमेनची असली पाहिजे.

प्रश्न : आमची ईमेलवरच्या चर्चेची यादी मेलमन या सॉफ्टवेअरवर चालते. एक सभासद कंपनीच्या पत्त्यावरून लिहितो तेव्हा बऱ्याच जणांना ते पोचत नाही, आणि काही जणांना तर यादीचा एकही मेल येईनासा झालाय. या न मिळणाऱ्यांची काय चूक?
— होटगी रोड, सोलापूर

उत्तर : त्यांची काहीच नाही. लिहिणाऱ्याच्या कंपनीचं डीमार्क धोरण 'रिजेक्ट' (नापास मेल परतवा) असणार. मेलमन विषयाच्या आधी यादीचं नाव आणि खाली तळटीप जोडतं, त्यामुळे मूळ डीकेआयएम सही मोडते; एसपीएफही यादीच्या सर्व्हरचं लागतं. घेणारा सर्व्हर मेल परतवतो, आणि मेलमन तो 'बाउन्स' घेणाऱ्याच्याच खात्यावर मांडतं. दिवसाला जास्तीत जास्त एक गुण. मूळ सेटिंगमध्ये पाच गुण भरले की त्याची डिलिव्हरी बंद. याहूने २०१४ मध्ये हेच धोरण लावलं, तेव्हा जगभरच्या याद्यांची अशीच दैना झाली होती.

मेलमन २.१.१८ किंवा पुढची आवृत्ती असेल तर प्रायव्हसी ऑप्शन्समधल्या सेंडर फिल्टर्समध्ये डीमार्कची कृती 'मंज फ्रॉम' करा. पाठवणाऱ्याच्या जागी यादीचा पत्ता येईल. लिहिणाऱ्याचं नाव दिसत राहील. मग बंद झालेल्यांची डिलिव्हरी हाताने सुरू करा. त्याआधी परतीचे कोड मात्र वाचा : ५.१.१ म्हणजे पत्ताच अस्तित्वात नाही, तो काढून टाका. ५.७ ने सुरू होणारे कोड धोरणाचे किंवा ओळखपरेडीचे. त्या सभासदांना यादीतून काढू नका.

प्रश्न : सभासदांनी 'नॉट स्पॅम' दाबलं तर भागेल का?
— सात रस्ता, सोलापूर

उत्तर : त्या सभासदापुरतं भागेल. पण ते ३० दिवसांच्या आत करायला सांगा, नंतर जीमेल स्पॅममधला मेल पुसून टाकतं.