डेझर्ट नॅशनल पार्क (जैसलमेर) फोटोग्राफीसाठी कसं आहे? ४ दिवसांत आसपासची गावंही होतील का?

तुम्ही विचारलंय की जानेवारीत ४ दिवस जैसलमेरला जाताय, सोबत एक मोठी लेन्स आहे, तर पार्कात जाण्यात अर्थ आहे का की सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर सनसेट काढून परत यावं. मी तिकडे तीन हिवाळे गेलोय म्हणून सांगतो, जा, नक्की जा, फक्त वाळूच्या टेकड्या बघायला जातोय असं डोक्यात ठेवून जाऊ नका.

कारण हा पार्क म्हणजे मुख्यतः गवत आहे. ३१६२ चौ. किमीचा पसारा, जैसलमेर आणि बाडमेर दोन जिल्ह्यांत, आणि त्यात वाळूच्या टेकड्या आहेत तशी खडकाळ माळरानं आहेत, मुरमाड सपाटी आहे आणि सेवण गवताचे मोठमोठे पट्टे आहेत. पार्काच्या हद्दीत गावं, ढाण्या (म्हणजे छोट्या वस्त्या), शेळ्यामेंढ्या, उंट सगळं आहे, त्यामुळे ताडोबासारखं गेटातून आत शिरलो की जंगल सुरू, असं काही इथे होत नाही. पहिल्यांदा मी गेलो तेव्हा तासभर विचारत होतो की पार्क कधी येणार, आणि जीपवाले काका म्हणाले, "साब, आप कब से पार्क में ही हो."

आता माळढोक. तिथे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी आहे तो. आपण मराठी माणसांनी हा पक्षी बघायला इतक्या लांब जावं लागतं याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्याच नावाचं अभयारण्य आहे आणि आता तिथे तो दिसणं जवळपास संपलंय. जे थोडके उरलेत त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत, काही या पार्कात आणि काही पोखरणच्या लष्करी रेंजमध्ये, जिथे माणसांचा आणि गुरांचा वावर कमी असल्यामुळे ते टिकलेत.

दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त सुदासरीच्या भागात, सम आणि खुरी या दोन गावांच्या मधे. तिथे वनखात्याने कुंपण घालून गवत राखलंय. परवानगी जैसलमेरच्या वनखात्याच्या ऑफिसातून आदल्या दिवशीच घेऊन ठेवा आणि स्थानिक गाइड घ्याच, कारण जमिनीच्या रंगाचा पक्षी आपल्याला दिसत नाही हो, त्यांना दिसतो. मला दुसऱ्या ट्रिपला दिसला. सकाळचे साडेसात झाले असतील, थंडीने बोटं आखडलेली, आणि गवताच्या वर फक्त एक पांढरी मान काठीसारखी उभी. मग ती मान हळूहळू चालायला लागली. एक पाऊल, थांबणार, बघणार, परत एक पाऊल. मीटरभर उंच पक्षी, वजन १५ किलोपर्यंत जाऊ शकतं, आणि चालणं असं की गवताचं पातंही हलू नये. मी १५ मिनिटं बघत होतो, त्यातले फोटो काढले फक्त शेवटच्या ५ मिनिटांत, आणि त्याची मला अजिबात खंत नाही.

एक कळकळीने सांगतो. पक्षी लांब असेल तर लांबचाच फोटो घ्या. "थोडं पुढे घ्या" असं जीपवाल्याला म्हणू नका, आणि तो स्वतःहून घेत असेल तर थांबवा. आमच्या बाजूच्या एका गाडीने तेच केलं, पक्षी उडाला आणि त्या सकाळी परत कोणालाच दिसला नाही. मादी जमिनीवरच अंडं घालते, तेही बहुतेक वेळा वर्षाला एकच, म्हणजे एकेक पक्षी किती मोलाचा आहे बघा. आणि उडाल्यावर खरा धोका वेगळाच. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे याला समोरचं नीट दिसत नाही, वजन जास्त म्हणून ऐनवेळी वळताही येत नाही, आणि या भागात पवनचक्क्या नि सोलरच्या वीजतारांचं जाळं आहे. तारांना धडकून माळढोक मरतात. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तारा जमिनीखाली घालायचा आदेश दिला होता, २०२४ मध्ये तो बदलून कमिटी नेमली. गवत, त्यावर माळढोक आणि मागे तारांची रांग असा फोटो मिळाला तर तो काढाच, तारा क्रॉप करू नका, कारण तिथली आजची परिस्थिती तीच आहे. चांगली गोष्ट म्हणजे सम आणि रामदेवरा इथे माळढोकांची पैदास केंद्रं आहेत (पर्यटकांना आत सोडत नाहीत, ते बरोबरच आहे) आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं, ती बातमी वाचली तेव्हा मला घरातला कोणी पास झाल्यासारखा आनंद झाला होता.

माळढोक नाही दिसला तरी दिवस फुकट जात नाही. चिंकारा हमखास दिसतात. गिधाडं आणि गरुड खेजडीच्या, म्हणजे शमीच्या झाडाच्या, शेंड्यावर बसलेले असतात. मुरमाड सपाटीवर धाविक पक्षी तुरुतुरु पळत असतात, त्यांच्यासाठी गाडीतून उतरून जमिनीवर पालथं पडायची तयारी ठेवा, कॅमेरा जमिनीला टेकवून काढलेला फोटो आणि सीटवर बसून काढलेला फोटो यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कोल्हा दिसला तर आधी शेपटी बघा, टोक पांढरं असेल तर वाळवंटी कोल्हा, काळं असेल तर आपलं खोकड. सांडा, म्हणजे तो काटेरी शेपटीचा सरडा, मात्र जानेवारीत बिळात झोपलेला असतो, तो बघायचा तर उन्हं तापायला लागल्यावर जावं लागेल.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. साडेनऊ-दहानंतर जमीन तापते आणि हवा उकळल्यासारखी हलायला लागते, मग कितीही महागडी लेन्स असू दे, लांबचा फोटो शार्प येत नाही, फोकस चुकला म्हणून सेटिंगशी खेळत बसू नका, सरळ लेन्स खाली ठेवा आणि गावात जा. वाळू फिकी असल्यामुळे कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट काढतो, एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा. ट्रायपॉडपेक्षा गाडीच्या खिडकीवर बीनबॅग जास्त कामाची, रिकामी पिशवी न्या आणि तिथे धान्य भरा. आणि वाऱ्यात लेन्स बदलू नका. मी समला एकदा बदलली, दोन मिनिटांचं काम, त्यानंतर झूम फिरवला की खर्र खर्र आवाज, घरी येऊन सर्व्हिसिंगला भरपूर पैसे गेले. धूळ ब्लोअरने उडवा, रुमालाने पुसलीत तर काचेवर ओरखडे पडतील. ड्रोन घरीच ठेवा, अभयारण्य आणि सीमेजवळचा भाग, दोन्हीमुळे अडचणीत याल.

गावांबद्दल. सम मला फारसं आवडत नाही हे आधीच सांगतो, वाळू सुंदर आहे पण तंबूंच्या रांगा, जीपच्या चाकांचे माग आणि रात्री डीजे. तिथे जायचंच असेल तर उजाडायच्या आत जा, रात्रीच्या वाऱ्याने वाळूवरचे पाय पुसलेले असतात आणि सूर्य आडवा असताना एकेका लाटेला सावली पडते, अर्ध्या तासाचा खेळ असतो तो. राहायला मात्र खुरी बघा. मातीची घरं, गवताची छपरं, आणि टेकड्या गावाला लागूनच. मी राहिलो होतो तिथे एक आजी अंगणाची भिंत सारवत होत्या, आधी शेणमातीचा लेप हाताने ओढायचा आणि तो ओला असतानाच तीन बोटांनी अर्धगोल काढत जायचं, एकाला लागून एक, माशाच्या खवल्यांसारखे. मी "राम राम सा" म्हणून बसलो, कॅमेरा पिशवीतच होता, चहा झाला, मग त्यांनीच विचारलं की फोटो नाही काढणार का. मी त्यांच्या हाताचे काढले, बोटांच्या रेषांत भरलेल्या मातीसकट. पुढच्या वर्षी प्रिंट नेऊन दिली, ती त्यांनी पिठाच्या डब्यामागे नीट जपून ठेवली. तुम्हीही प्रिंट पाठवायचं कबूल केलंत तर खरंच पाठवा, पुष्कळ लोक फक्त बोलून जातात. खुरीला रात्री आकाशही उत्तम असतं, अमावस्येच्या आसपास जा, फक्त आकाशगंगेचा मधला भरगच्च भाग जानेवारीत मिळणार नाही, मृग नक्षत्र मात्र डोक्यावर झगझगीत असतं.

कुलधराला भुताच्या गोष्टींसाठी जाऊ नका. पालीवाल ब्राह्मण सोडून गेले ते ओसाड गाव आहे, पण मला तिथलं खरं आकर्षण वाटतं ते पालीवालांच्या खडीनचं. पावसाळ्यात खडकाळ उतारावरून वाहणारं पाणी बांध घालून अडवायचं, ते जिरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. त्या भागातली काही खडीनं अजून पिकतात, आणि पाऊस बरा झाला असेल तर जानेवारीत सगळीकडे पिवळा दगड आणि मधेच हिरवागार चौकोन असं दिसतं. टेकाडावर चढून वाइड लेन्सने घ्या. आकलचं फॉसिल पार्क बाडमेर रस्त्यावर १७ किमीवर, साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके, तासाभरात होतं, दुपारी करा.

म्हणून ४ दिवसांचं असं करा: पहिल्या दिवशी परवानगी आणि कुलधरा, मग दोन रात्री खुरीत राहून दोन्ही सकाळी सुदासरी, चौथ्या दिवशी परत. परतीची गाडी जोधपूरहून असेल तर जैसलमेर तिसऱ्या दिवशी दुपारीच सोडा आणि रात्री फलोदीला मुक्काम करा, शेजारीच खीचन गाव आहे. तिथे गावकरी कुरजांना, म्हणजे मध्य आशिया-मंगोलियातून येणाऱ्या छोट्या क्रौंचांना, पिढ्यान्‌पिढ्या दाणे घालतात. उजाडताना चुग्गाघराजवळ, म्हणजे दाणे घालायच्या कुंपणातल्या जागेजवळ, पोचा आणि बाजूच्या घरातल्यांना विचारून गच्चीवर जा. आधी लांबून आवाज येतो, मग आकाशात एक काळी रेघ दिसते, मग दुसरी, आणि त्या वेळी कॅमेऱ्याची बॅटरी गार पडलेली नसावी म्हणून ती रात्री पांघरुणात घेऊन झोपा.