शेजारच्या घरी डेंग्यू निघाला तर त्यांच्याकडे जावं का?

तुम्ही लिहिलंय की शेजाऱ्यांच्या मुलाला डेंग्यू झालाय, गल्लीने त्यांच्याकडे जाणं बंद केलंय आणि तुमचीही चलबिचल होतेय. तुम्ही आजच जा. डेंग्यू शिवल्याने, खोकल्याने किंवा सोबत जेवल्याने होत नाही, डास चावल्याने होतो. कोरोनात लांब राहणं हीच शेजाऱ्याची काळजी होती, ती सवय इथे कामाची नाही.

जाताना मच्छरदाणी न्या. हा डास दिवसा चावतो, म्हणून ताप असेपर्यंत मुलाने दुपारीही मच्छरदाणीतच झोपावं. त्याला चावलेला डासच पुढे तुम्हाआम्हाला डेंग्यू देतो. तापाला पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, पण धोका बरेचदा तेव्हाच असतो. पोट खूप दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं तर मध्यरात्रीही नागपूरचं मेडिकल किंवा मेयो, यापैकी एक सरकारी रुग्णालय गाठायचं. गाडी कोणाची, हे आजच ठरवून ठेवा.

आता कूलर. पावसाळा लागला की आपण तो बंद करतो, पण टाकीत बोटभर पाणी राहतंच. नागपुरात सगळे नाल्याला आणि रिकाम्या प्लॉटला बोल लावतात, या डासाला मात्र असं घरातलं स्वच्छ पाणी आवडतं. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि तो सहसा शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. नुसतं पाणी ओतून भागत नाही. टाकीच्या कडेला खसखशीहून बारीक काळी अंडी चिकटलेली असतात, ती कोरडी पडूनही महिनोन्महिने जगतात. ब्रशने घासूनच काढावी लागतात.

आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत एक म्हातारं जोडपं आहे. "काकू, कूलर साफ करा जी," असं त्यांना कितीदा सांगणार? तो त्यांच्याने हलतही नाही. आम्ही दोघं-तिघं रविवारी ब्रश घेऊन जातो आणि घासून देतो. घटनेच्या ५१ क कलमात बंधुभाव वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलंय, त्याचा अर्थ मला अशाच कामात कळतो. कूलर तपासायला आलेल्या मनपाच्या माणसांना दारातून परत पाठवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

कुलूपबंद घर असेल तर मालकाला फोन करा. तो दाद देत नसेल तर मनपाच्या झोन कार्यालयात कळवा. यात चुगली वगैरे काही नाही, त्याच्या टाकीतला डास तुमच्या लेकरांना चावणार आहे.