लेवीयात अडकलात? मग मार्क उघडा

प्रश्न: ताई, वर्षभरात बायबल पूर्ण करायचं म्हणून जानेवारीत तक्ता घेतला. उत्पत्ती, निर्गम भराभर झालं. लेवीयच्या 13व्या अध्यायात ते त्वचारोगाचे नियम आले आणि गाडी थांबली ती थांबलीच. अभ्यासगटात सगळे "कुठवर आलं?" विचारतात, मी गोलमोल उत्तर देते. रविवारी प्रवचन ऐकतेच, मग स्वतः वाचायलाच हवं का? की माझ्या विश्वासातच खोट आहे?

उत्तर: आधी तो तक्ता फाड. खरंच फाड, पुढच्या जानेवारीसाठी जपून ठेवू नकोस. 66 पुस्तकांत 1,189 अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. ज्यांना झेपतं त्यांनी खुशाल वाचावेत, पण पवित्र शास्त्रात अशी आज्ञा कुठेच नाही. अध्यायांची आजची विभागणीसुद्धा 13व्या शतकातली, संदर्भ चटकन सापडावा म्हणून केलेली. त्यावरून कुणाचा विश्वास मोजणं मला काही पटत नाही.

स्वतः वाचायला मात्र हवं. प्रेषितांच्या कृत्यांत, 17व्या अध्यायात, बिरुया गावातले लोक भेटतात. शिकवायला साक्षात प्रेषित पौल होता, तरी तो सांगतो ते तसंच आहे का, हे ते रोज शास्त्रात शोधून बघत. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने त्यांना नावं ठेवलेली नाहीत, उलट कौतुकच केलंय. शिवाय प्रवचन सगळ्या मंडळीसाठी असतं. तू कुणावर मनात राग धरून बसली आहेस, हे पाळकांना कुठून कळणार?

आता मार्क घे, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची गोष्ट. 16च अध्याय आहेत, पण घाई नको. पहिल्या अध्यायाच्या शेवटी एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो. तिथे थांब आणि तू सोडलेला तो लेवीय 13 पुन्हा उघड. अशा माणसाने "अशुद्ध, अशुद्ध" असं ओरडायचं, छावणीबाहेर एकटं राहायचं. हे वाचून झालं की मार्ककडे परत ये. येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, आणि तोही बरा होण्याआधी! मग त्याला याजकाकडे पाठवतो, मोशेने नेमलेलं अर्पण करायला. ते अर्पण कोणतं, हे लेवीय 14 मध्ये आहे. कंटाळवाणे नियम कुणाच्या जिवावर बेतत होते, हे तेव्हा दिसतं. एवढ्या सहा वचनांवर आठवडा गेला तरी चालेल.

चुकलेले दिवस भरून काढायच्या भानगडीत पडू नकोस. एखादं वचन टोचलं तर त्यावरच प्रार्थना कर, तक्रार असेल तर तीही देवापुढे मांड. स्तोत्रकर्त्यांनी "कोठवर?" असं देवाला सरळ विचारलंच आहे.

आणि गटात या खेपेला आकडा सांगू नकोस, प्रश्न घेऊन जा. बरं झालेल्या त्या माणसाला "कोणाला सांगू नकोस" असं येशूने का बजावलं, हे विचार. उत्तर सोपं नाही, निम्मी बैठक त्यातच जाईल.