सैन्यात गाड्यांचा इलेक्ट्रिशियन होतो. निवृत्तीनंतर घरांचं वायरिंग करता येईल का?

हो, नक्की येईल, पण आयटीआयचा २ वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड करून घ्या. त्याला कमाल वयाची अट नाही. मी हाच ट्रेड शिकवतो, आणि माजी सैनिकांची एक सवय सोडवायला वेळ लागतो. गाडीत २४ व्होल्ट डीसी, परतीचा प्रवाह थेट चेसिसमधून, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून. घरात २३० व्होल्ट एसी, परतीच्या प्रवाहाची वायर म्हणजे न्यूट्रल वेगळा, अर्थिंग वेगळं. बोर्डात न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडले की लोड येताच आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप होतो, आणि तो नसेल तर जिवावर बेततं. हत्यारांची शिस्त मात्र तुमच्या हातात आधीपासून असते, ती फार मोलाची. एक लक्षात ठेवा: नवीन वीजजोडणीच्या चाचणी अहवालावर परवानाधारक कंत्राटदाराचीच सही लागते. स्वतःचा परवाना मिळेपर्यंत अशाच कंत्राटदाराकडे काम करा.