एकेचाळीस फोन

कांजूरमार्गच्या एका तरुण ट्रेनरने गेल्या महिन्यात विचारलं, "मॅडम, गाळा बघून ठेवलाय, स्वतःची जिम टाकायचीय. पण वडील म्हणतात, परत साथ आली तर काय करशील? कोविडमध्ये आपल्याच रस्त्यावरच्या दोन जिम उठल्या ते विसरलास? आता मलाच रात्री झोप येत नाही. ही भीती खरी आहे, की माझ्या मनाचे खेळ?"

भीती खरी आहे. मुंबईतल्या जिम १३ मार्च २०२०च्या मध्यरात्रीपासून बंद झाल्या, देशभर लॉकडाऊन लागायच्या अकरा दिवस आधी. केंद्राने ५ ऑगस्टपासून परवानगी दिली, पण महाराष्ट्रात कुलूप निघालं ते २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. सात महिने शटर खाली आणि भाडं चालू. वडिलांना हे आठवत असेल तर त्यांचं काय चुकलं?

उत्तर म्हणून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका जिममालकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील इकडचे तिकडे केले आहेत. जिममध्ये सगळे त्यांना 'सर' म्हणतात, आपणही सरच म्हणू.

जुलै २०२०. समुपदेशन तेव्हा फोनवरच चालायचं. सरांचा आवाज घुमल्यासारखा येत होता आणि मागे कुठेतरी पाणी ठिबकत होतं. कुठे बसलात विचारलं, तर म्हणाले, "जिममध्येच. अर्धं शटर उघडून आत येतो आणि परत ओढून घेतो. घरी एक खोली-किचन, माणसं पाच. बोलणार कुठे?" आत बसून काय करता? "मशिनला ऑइल मारतो. पावसाळ्यात बंद राहिलं की गंज धरतो. बेंचच्या रेक्झिनवर बुरशी आलीय, ती पुसतो. दुसऱ्या दिवशी परत येते."

भांडुप पश्चिमेला भाड्याचा गाळा, १४० मेंबर, तीन ट्रेनर. मेंबरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यांनी म्यूट करून टाकला होता. फोन वाजला की छातीत धडधड. भाजीला जातानासुद्धा मागच्या गल्लीने जायचे.

पहिल्याच वेळी मी चूक केली. ऐकून घ्यायच्या आधीच म्हणाले, "ऑनलाइन बॅच का नाही सुरू करत? सगळे करताहेत." ते "हो हो, बघतो" म्हणाले आणि दहा दिवस गायब झाले. बुडणाऱ्या माणसाला काठावरून पोहण्याचे प्रकार समजावून सांगावेत, तसलं झालं ते.

दहा दिवसांनी त्यांचाच फोन आला. या वेळी मी आधी झोपेचं विचारलं, मग जेवणाचं, आणि मग सरळ विचारलं, "जीव नकोसा वाटतो का?" असं विचारलं की माणसाच्या डोक्यात नसलेला विचार घुसतो, हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "विचार येतो. करणार नाही. पण विम्याचे कागद काढून बघितले परवा." त्याच संध्याकाळी, त्यांच्या परवानगीने, मी त्यांच्या पत्नीशी बोलले आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. झोपेसाठी काही आठवडे औषध लागलं. धंद्याची गोष्ट आम्ही नंतर काढली. (हे वाचताना कुणाला स्वतःचीच गोष्ट वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. तेव्हा ही सोय नव्हती.)

मग एक दिवस त्यांना म्हटलं, रजिस्टर काढा. लपताय कुणापासून, ते नावानिशी वाचून दाखवा.

जिमच्या धंद्यात जानेवारी म्हणजे सुगी. नवीन वर्षाचा संकल्प, 'वर्षभराची फी भरा, दोन महिने फुकट', आणि गल्ला भरतो. सरांकडेही जानेवारीत एकेचाळीस जणांनी वर्षाचे सात-सात हजार भरले होते. २ लाख ८७ हजार. त्यातून एक नवं केबल मशीन आलं, रंगकाम झालं, आणि पैसे संपले. मार्चमध्ये शटर पडलं तेव्हा या एकेचाळीस जणांनी जेमतेम दोन महिने व्यायाम केला होता. "मी लोकांचे पैसे खाल्ले," हे वाक्य सरांच्या डोक्यात चार महिने फिरत होतं. खरं तर त्यांच्याकडे पैसे कुणीच मागितले नव्हते. मागणार तरी कसे, ग्रुपच म्यूट होता.

आम्ही ठरवलं, रोज पाच फोन करायचे. काय बोलायचं ते माझ्यासमोर आधी बोलून बघायचं. पहिल्या तालमीत त्यांनी सात वेळा सॉरी म्हटलं, मी मोजले. शेवटी उरलं ते एवढंच: "तुमचे दहा महिने माझ्याकडे जमा आहेत. जिम उघडेल त्या दिवसापासून पुढे मोजू. आत्ता अडचण असेल तर दर महिन्याला थोडे थोडे परत करतो."

नऊ दिवसांत एकेचाळीस फोन झाले. एकोणतीस जण म्हणाले, पुढे धरा. दोघांनी सांगितलं, ठेवा सर, राहू द्या. चौघांनी उचलला नाही. सहा जणांना पैसे हवे होते. त्यातल्या एकाची नोकरी गेली होती, तो खूप ओरडला आणि मग रडला. सहा जणांचे मिळून पस्तीस हजार निघाले, तेही हप्त्याने. पावणेतीन लाखांच्या वरचं भूत पस्तीस हजारांवर आलं. त्या रात्री सर ग्रुप अनम्यूट करून झोपले.

इथून पुढे धंद्याचं डोकं त्यांचंच चाललं. मी फक्त आकडे कागदावर लिहायला लावत होते.

जूनपर्यंतचं भाडं त्यांनी पत्नीची एफडी मोडून दिलं होतं. आता तसं करायला काही उरलं नव्हतं. गाळेवाले काका निवृत्त, त्यांचंही घर या भाड्यावर. "भाडं माफ करा" म्हणत गेलं की दोन्ही बाजूंनी भांडणच होणार. सर कागद घेऊन गेले. ४५ हजार भाडं, ३ लाख डिपॉझिट. जिम उघडेपर्यंत महिन्याला २० हजार डिपॉझिटमधून वळते करा, १० हजार मी रोख देतो, उरलेले १५ सोडा. काका दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा तयार झाले. रिकाम्या गाळ्याला तेव्हा गिऱ्हाईक कोण मिळणार होतं? ठरलेलं लिहून दोघांनी सह्या केल्या. काका मोठ्या मनाचे होते हे खरं, पण तो कागद नसता तर वर्षभराने दोघांनाही वेगवेगळं आठवलं असतं.

मशिनच्या कर्जाबाबत त्यांचा एक गैरसमज होता. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती. सरांना वाटत होतं तेवढे हप्ते माफ झाले. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. हे कळल्यावर दोन दिवस परत झोप उडाली, पण ऑगस्ट संपल्यावर कळण्यापेक्षा ते बरं.

आता ऑनलाइन बॅच. मी दहा दिवसांसाठी त्यांना गमावलं होतं ती हीच. झूम फुकटात चाळीस मिनिटं चालायचं, म्हणून बॅच पस्तीस मिनिटांची. उड्या नाहीत, कारण दुसऱ्याच दिवशी एका मेंबरच्या खालच्या मजल्यावरच्या आजी झाडू घेऊन वर आल्या. जंपिंग जॅक गेले, सूर्यनमस्कार आले, पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमध्ये पाणी भरून डंबेल झाले. ज्यांना लोखंडच हवं होतं त्यांना सरांनी डंबेल-प्लेटचे सेट महिन्याला सातशे रुपये भाड्याने दिले, स्कूटरवरून घरपोच. जूनच्या शेवटी मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे उगाच जाऊ नका असं बजावलं होतं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं होतं की आपले सगळे मेंबर या दोन किलोमीटरच्या आतच राहतात. मोठ्या साखळीवाल्या जिमला हे जमणार नव्हतं.

पण खरी गंमत वेगळीच झाली. मेंबरांच्या मोबाइलच्या चौकटीत मागे आया दिसायच्या, पोळ्या लाटत, एक डोळा स्क्रीनवर. एकीने एक दिवस पुढे येऊन विचारलं, "सर, गुडघ्यासाठी काही सांगाल का?" लोखंडाच्या जिममध्ये या बाईने जन्मात पाय ठेवला नसता. सरांनी दुपारी साडेतीनची बॅच काढली, भांडी आवरल्यानंतरची. खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून पुशअप, चारशे रुपये. महिन्याभरात सतरा काकू.

बेरीज करू. सकाळच्या बॅचचे बावीस जण सहाशेने, नऊ सेट भाड्याने, सतरा काकू: २६ हजार ३०० रुपये. जिम चालू असतानाच्या गल्ल्याच्या चौथाईही नाही. यातून एकाच ट्रेनरला अर्धा पगार देता आला. दुसरा रत्नागिरीला गावी गेला, तिसरा मासळी विकायला लागला आणि परत आला नाही. ऑनलाइनने जिम वाचते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ऑनलाइनने मेंबर आपला राहतो, बस्स.

दसऱ्याला सरांनी मशिनना झेंडूच्या माळा घातल्या आणि मला फोटो पाठवला. पुढे एप्रिल २०२१मध्ये परत बंद, जूनमध्ये निम्म्या क्षमतेने पण दुपारी चारपर्यंतच, म्हणजे संध्याकाळची बॅच गेलीच. जानेवारी २०२२मध्ये तर शनिवारी बंदचा आदेश निघाला आणि रविवारी बदलला. पण एप्रिलमध्ये परत शटर पडलं त्याच संध्याकाळी ग्रुपवर मेसेज गेला होता: दिवस आजपासून गोठवले, उद्या साडेसहाला झूमवर भेटू. पहिल्या वेळी याला चार महिने लागले होते.

सगळ्यांचं असं झालं नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका मालकांबरोबर मी जिम बंद करण्याचं काम केलं: मशिन विकणं, मेंबरांचे पैसे चुकते करणं, मुलाला सांगणं. तेही काम नीटच झालं. आज ते एका कंपनीत नोकरी करतात आणि रात्री झोपतात.

तर कांजूरमार्गच्या दादा, जिम टाकावी की नाही ते मी सांगणार नाही. सर आता वर्षाची फी घेतात तेव्हा ती वेगळ्या खात्यात टाकतात आणि दर महिन्याला बाराव्या हिश्श्याइतकीच काढतात. तुम्ही पुढच्या वेळी याल तेव्हा दोन गोष्टी आणा. एक, गाळ्याच्या कराराचा मसुदा, त्यात सरकारी आदेशाने धंदा बंद राहिला तर भाड्याचं काय, हे लिहिलंय का ते बघून. दुसरं, शटर तीन महिने खाली राहिलं तर कोणाकोणाला किती द्यावे लागतील त्याची यादी, नावानिशी. आणि वडिलांना बरोबर आणा. यादी त्यांनाच वाचायला देऊ.