आठ लाख नको, टायर माग

पोरा,

बाइक रेसिंगला स्पॉन्सर मिळावा म्हणून केलेली तुझी अकरा पानांची फाइल वाचली. मुखपृष्ठावर वळणात गुडघा टेकवलेला फोटो, आत स्वप्नं, शेवटच्या पानावर 'अपेक्षित रक्कम ८ लाख'. तीच फाइल देशातल्या सगळ्या गाडी कंपन्यांना पाठवलीस आणि उत्तर नाही म्हणून रुसून बसलायस.

लेका, त्या दारातून असं आत जाता येत नाही. टीव्हीएसची वन-मेक स्पर्धा १९९४ पासून चालू आहे. गाडी कंपनीच तयार करते, सगळ्यांना सारखीच देते, पोरं निवड फेरीतून घेते. होंडाने टॅलेंट कपसाठी पोरं अशीच निवडली आणि एनएसएफ २५० आर या रेसिंग बाइकवर बसवली. तिथं फाइल नाही, स्टॉपवॉच बघतात. निवडीची तारीख कळली की गाठोडं बांधून जा, एवढंच.

बाकीचा पैसा कोल्हापुरातच आहे. पण आधी एक अडचण समजून घे. तू पळणार चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, बेळगाव-हुबळी-बेंगळुरू करत नऊशेच्या वर किलोमीटर. शाहूपुरीतल्या टायरवाल्याचं गिऱ्हाईक तिथं कशाला येतंय? "किती लोक बघतात?" असं तो विचारेलच. तेव्हा हजारो म्हणून ठोकून देऊ नकोस. स्टँड बऱ्याचदा रिकामेच असतात. त्याला सांग, रेस नसेल त्या शनिवारी गाडी तुमच्या दुकानासमोर उभी करतो, दिवसभर थांबतो, येईल त्याला टायरची हवा, घासलेली नक्षी, चेनचा ताण बघून देतो. हे त्याला कळतं, कारण ते त्याच्या गल्ल्याशी जोडलेलं आहे.

आणि ते आठ लाख फोड. टायरची जोडी, पिकअपचं डिझेल, एन्ट्री फी, लॉजच्या तीन रात्री, मेकॅनिकची हजेरी, ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट. प्रत्येक ओळीसमोर एक माणूस शोध. रोख द्यायला हात आखडतो, वस्तू द्यायला तेवढा नाही. उद्यमनगरात लेथवाल्याकडून फूटपेगचे, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांचे, ब्रॅकेट आणि गाडी उचलून उभी करायचा पॅडॉक स्टँड करून घेतलास तर मी त्याला रोख रकमेपेक्षा मोठी स्पॉन्सरशिप म्हणेन, कारण पडल्यावर ते ब्रॅकेटच आधी मोडतात.

माझा पहिला स्पॉन्सर म्हणजे दोन टायर आणि डिझेलला पाचशेची नोट. दुसऱ्याच लॅपला मी पडलो. त्याच्या दुकानाचं नाव असलेली डावी फेअरिंग, म्हणजे गाडीचं बाहेरचं कवच, खडीवर अशी घासली की पहिली दोन अक्षरंच उरली. परत आल्यावर आठवडाभर त्या रस्त्यानं गेलोच नाही. मग बायकोनं हाकललं, तेव्हा ती फुटकी फेअरिंग काखेत मारून गेलो आणि काय चुकलं ते सांगितलं: थंड टायर, घाईत उघडलेला थ्रॉटल. त्यानं चहा मागवला, फेअरिंग काउंटरमागच्या खिळ्याला टांगली आणि पुढच्या मोसमात चार टायर दिले. गिऱ्हाईक आलं की तीच दाखवायचा. म्हणून सोमवारी फोन करायचाच, शेवटून दुसरा आलास तरी. लॅप टाइम सांग, मागच्या वेळेपेक्षा किती कमी-जास्त तेही सांग.

स्टिकरची जागा विकण्याआधी स्पर्धेचे नियम वाच. कंपनीच्या गाडीवर तुझ्या माणसाचं नाव चालेलच असं नाही. मग सूट, हेल्मेट, पिकअपचा दरवाजा उरतो. काय देणार, काय घेणार ते एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा, ओळखीतला असला तरी. ओळखीतला असला तर नक्कीच.

आणि पन्हाळ्याच्या रस्त्यावरचे ते पुढचं चाक उचलून पळवल्याचे, व्हीलीचे व्हिडिओ आजच काढून टाक. त्यावर कुठला दुकानदार आपलं नाव लावेल?

रविवारी दहाला गॅरेजवर ये. फाइल नको, खर्चाचा कागद आण. लेथवाल्याकडे पहिल्यांदा मी येतो बरोबर, बोलायचं मात्र तू.

तुझा,
काका

ता. क. लेदर सूटचे आठ लाखांत एक लाख धरलेस. माझा जुना कपाटात आहे, अंगाला होतोय का बघ.